स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या ब्रेकला थंड हवा: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.८ लिटर इंजिनची. पुढे २५५ मिमी व्यासाची आणि २० मिमी जाडीची डिस्क, दोन चकत्यांच्या मध्ये हवा खेळायला पोकळी असलेली. मागे २५१ मिमीची भरीव डिस्क. पुढचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, एका पिस्टनचा, सरकता. रोजच्या रस्त्यावर या ब्रेकबद्दल काडीची तक्रार नाही. ट्रॅकवर मात्र सलग काही फेऱ्या जोरात मारल्या की पेडल खोल जायला लागतं, आणि पायाला काहीतरी लिबलिबीत दाबल्यासारखं वाटतं.

या कामाला हात घालणाऱ्याने सगळ्यात आधी आपला ब्रेक कसा 'जातोय' हे ओळखावं. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पाय जीव खाऊन दाबतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेबाहेर गेलाय. पेडल मऊ पडून खाली जातंय, दोनदा पंप केल्यावर वर येतंय, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेत. माझं दुखणं या दुसऱ्या प्रकारचं. दोन्हींचं मूळ उष्णतेतच आहे, पण उपायांचा क्रम वेगळा.

डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. माझ्या टाकीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. म्हणजे पाइप आणि पत्रे घेऊन बसण्याआधी ते बदलणं आलं.

५ ऑक्टोबर

ऑइल बदललं. ३०० अंशांच्या वर उकळणारं, रेसिंगसाठीचं घेतलं. हे डॉट ४ च्याच जातीचं असतं, त्यामुळे जुन्या रबरांना चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळू नये; ५ आणि ५.१ हे नावाला शेजारी असले तरी आतून पूर्ण वेगळे आहेत.

मित्र आत बसला, मी चाकाशी. "दाब." "दाबलं." कॅलिपरवरचं ऑइल बाहेर काढायचं निपल सैल, पारदर्शक नळीतून आधी तपकिरी ऑइल, मग बारीक बुडबुड्यांची माळ, मग स्वच्छ सोनेरी धार. निपल बंद. "सोड." पुढच्या दोन्ही चाकांवर बुडबुडे बराच वेळ येत राहिले. टाकीतली पातळी दर थोड्या वेळाने बघत राहावी. ती रिकामी होऊन हवा ओढली गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कॅलिपर उतरवल्यावर दिसलं की पिस्टनवरचं धुळीचं रबर भाजून पापडासारखं झालंय. हात लावला तसा तुकडा पडला. सीलचा संच मागवला.

११ ऑक्टोबर

सील बदलून झाले. आता मोजमाप. आधीचे आकडे हातात नसतील तर नंतर 'फरक पडला' म्हणण्याला अर्थ नाही.

दोन गोष्टी वापरल्या. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तापमान दाखवणारा रंग: हिरवा ४३० अंशांला बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. एकदा बदलला की परत मूळ रंगावर येत नाही, म्हणून त्या दिवसात गाठलेलं सर्वोच्च तापमान कळतं. आणि कॅलिपरच्या अंगावर, पिस्टनच्या बाजूला, तापमानाच्या पट्ट्या. त्यांवरचे छोटे चौकोन आपापल्या तापमानाला काळे पडतात, तेही कायमचे.

रंग लावायची जागा महत्त्वाची. पॅड जिथे घासतो त्या पृष्ठावर तो एका दाबात पुसला जातो. कड पॉलिश पेपरने घासून, ब्रेक क्लीनरने पुसून, तिन्ही रंगांचे पट्टे पातळ थरात शेजारी शेजारी दिले. जाड थर दिला की सोलून निघतो.

इन्फ्रारेड बंदूक का नाही? चकचकीत डिस्कवर ती खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. शिवाय पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, येईपर्यंत डिस्क कितीतरी निवलेली असते. डावं-उजवं ताडून बघायला ती ठीक, आकड्यासाठी नाही.

१२ ऑक्टोबर

ट्रॅक. ताज्या ऑइलमुळे पेडल सगळ्या फेऱ्यांत वर राहिलं. एवढ्यावर काम थांबवता आलं असतं आणि अनेकांसाठी इथेच थांबणं योग्य आहे. हे मी मनापासून लिहितोय, कारण ब्रेकला हवेचे पाइप बसवलेल्या अनेक गाड्यांना खरं तर फक्त ऑइल हवं असतं.

पण डिस्कवरचे रंग बघितले. हिरवा गेला. नारिंगी गेला. लालचाही काही भाग बदललेला, दोन्ही बाजूंना. कॅलिपरवरच्या पट्टीत २३२ अंशांपर्यंतचे चौकोन काळे. म्हणजे जुन्या, पाणी प्यायलेल्या ऑइलला उकळायला भरपूर वाव होता, आणि नवीन ऑइलही फार दिवस नवीन राहणार नाही. पॅडच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या आणि त्याला जळका वास येत होता. डिस्क या तापमानाला रोज राहिली तर तडे ठरलेले. तेव्हा हवा द्यायचीच.

थोडा हिशोब केला, कारण त्यावरून किती हवा लागेल याचा अंदाज येतो. चालकासकट गाडी सुमारे ११०० किलो. १६० किमी वेगावरून ८० वर आणायचं तर सुमारे ८१५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. त्यातला ७० टक्के भार पुढच्या चाकांवर धरला तर एका डिस्कच्या वाट्याला २८५. माझी डिस्क काट्यावर साडेचार किलो भरली. बिडाच्या तेवढ्या वजनाला ही उष्णता एका दाबात साधारण १३० अंशांनी तापवते. पुढचं वळण येईपर्यंत त्यातलं जेवढं बाहेर जात नाही, ते साचत जातं. हवेचं काम दाबाच्या क्षणी नसतंच, ते दोन दाबांच्या मधल्या सरळ रस्त्यावर असतं.

१८ ऑक्टोबर

'मागचा पत्रा काढून टाक, काम झालं' हा सल्ला सगळीकडे मिळतो. डिस्कच्या आतल्या बाजूला जो धूळ अडवणारा पत्रा असतो तो. काढून एक फेरफटका ट्रॅकवर मारला. रंगांमध्ये नजरेत भरेल असा फरक नाही. उलट चाकाच्या खालच्या सांध्याच्या, म्हणजे बॉल जॉइंटच्या, रबराला डिस्कची आच सरळ लागू लागली आणि ते चिकट झालं. पत्रा धुळीइतकाच उष्णताही अडवतो. तो काढायचा तर त्याच्या जागी काहीतरी बसवायला हवं.

डिस्क स्वतःच हवा फिरवते, हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. आतल्या पात्यांमुळे ती पंख्यासारखी चालते. मध्यभागातून, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) भोवतीच्या फटीतून हवा ओढते आणि बाहेरच्या कडेतून फेकते. त्या मधल्या तोंडाशी थंड हवा आणून सोडली की उरलेलं काम डिस्क करते. हवा नुसती आतल्या पृष्ठावर मारली तर आतली चकती थंड आणि बाहेरची तापलेली राहते, डिस्क बशीसारखी वाकते आणि पॅड तिरका झिजतो.

डिस्क विकत घेणाऱ्यांसाठी: पाती सरळ असतील तर डावी-उजवी सारखीच. वळणदार असतील तर त्यांना दिशा असते, बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट झुकलेली हवीत. पृष्ठावरच्या खाचांकडे बघून दिशा ठरवू नका. कडेतून आत डोकावून पाती बघा. माझ्या डिस्कची पाती सरळ आहेत.

१९ ऑक्टोबर

हवा कुठून घ्यायची? बंपरला भोक पाडण्याआधी दाब मोजला. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बसवली, त्यात रंगीत पाणी आणि शेजारी मोजपट्टी. एका टोकाला लांब बारीक नळी जोडून ती बंपरवर हव्या त्या जागी चिकटपट्टीने लावली, दुसरं टोक गाडीत मोकळं. छप्पर आणि काचा बंद. शेजारी बसलेल्याने पाणी किती चढलं ते वाचायचं. १०० किमी वेगाला समोरून येणारी हवा पूर्ण थांबली तर जो दाब होतो तो साधारण ४७ मिमी पाण्याइतका. त्याच्या जितकं जवळ, तितकी जागा चांगली.

गाडीतल्या हवेचा दाब काही अगदी बाहेरच्याइतका नसतो, म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यापुरतेच. तरी निकाल स्पष्ट होता. बंपरच्या मधल्या तोंडात, रेडिएटरच्या बाजूला: ४० च्या आसपास. कोपऱ्यातल्या इंडिकेटरच्या जागी: २५, आणि वाऱ्याने सारखा हलणारा. खालच्या ओठाच्या पोटाशी: जेमतेम १०. खालून लटकणाऱ्या पसरट तोंडाचे तयार डक्ट मागवायचा माझा विचार होता, तो इथेच संपला.

इंडिकेटर काढून तिथे पाइप लावणारे असतात. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर दिव्यांना हात लावू नये. ती जागाही दाबाच्या दृष्टीने मधल्या तोंडापेक्षा कमीच आहे.

२५ ऑक्टोबर

पाइपचा व्यास. ५१ मिमीच्या पाइपचं तोंड २० चौरस सेंमी, ६३ चं ३१, ७६ चं ४५. कागदावर ७६ घ्यावासा वाटतो. मी पुठ्ठ्याच्या नळ्या करून चाकाच्या आत ठेवून पाहिल्या. ७६ ची नळी स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आणि सस्पेन्शनच्या आर्मच्या मध्ये चिरडते. चिरडलेल्या ७६ पेक्षा अखंड गोल ६३ बरा. ६३ ठरला.

पाइप दोन जातींचे मिळतात. काळा निओप्रीनचा, स्वस्त, पण डिस्कच्या जवळच्या तापमानात टिकत नाही. सिलिकॉनचा, तारेचं वेटोळं असलेला, ३०० अंशांच्या आसपास तग धरणारा, आणि या पूर्ण कामातली सगळ्यात महाग वस्तू. बंपरपासून मडगार्डच्या आतल्या लायनरपर्यंत निओप्रीन आणि तिथून डिस्कपर्यंत सिलिकॉन असं केलं. सांध्यावर ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा आणि दोन होज क्लिप. खर्च बराच वाचला आणि काही बिघडलं नाही.

१ नोव्हेंबर

मागचा पत्रा. जुना पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून आराखडा काढला, बोल्टची भोकं त्यावरूनच घेतली. २ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कातरीने कापला, कानशीने कडा मारल्या. पुठ्ठा आधी गाडीवर बसवून, चाक लावून, फिरवून बघा. पुठ्ठ्याला वेळ दिला की पत्र्याला कमी लागतो.

डिस्क आणि पत्र्यात ३ मिमी फट ठेवली. कमी ठेवू नये. २५५ मिमीची बिडाची डिस्क ५०० अंश तापली की तिचा व्यास सुमारे दीड मिमी वाढतो, शिवाय वळणात हब आणि बेअरिंग थोडंसं झुकतं. लहान खडे अडकतात ते वेगळंच.

८ नोव्हेंबर

पत्र्यावर तिरकी नळी वेल्ड करून घेतली. गोल ६३ ची नळी नकल (हब धरून ठेवणारा, चाकाबरोबर वळणारा भाग) आणि डिस्कच्या मध्ये मावत नाही, म्हणून टोक दाबून लंबगोल केलं. परीघ तोच राहतो, तोंडाचं क्षेत्र थोडं कमी होतं. जागेला इलाज नाही.

वेल्डिंगवाल्या काकांनी पत्रा हातात घेताच विचारलं, "कशाने पुसलंस?" मी ब्रेक क्लीनर म्हटल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरचा अंश वेल्डिंगच्या ठिणगीखाली आला तर त्यातून फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे, माणूस दगावू शकतो. डब्यावरचे घटक वाचा. शंका असेल तर वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून मगच वेल्डिंगला द्या. आमचा पत्रा धुऊन दुसऱ्या दिवशी झाला.

१५ नोव्हेंबर

पत्रे बसवले आणि गाडी न हलवता तपासणी. पाइपच्या पुढच्या टोकाला पानं उडवायचा ब्लोअर लावला. काडीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधून तो डिस्कभोवती फिरवला. डिस्कच्या बाहेरच्या कडेशी, पात्यांमधून हवा यायला हवी. तिथे धागा जेमतेम हलत होता. हब आणि पत्र्याच्या मधल्या फटीशी नेला तर आडवा उडाला. म्हणजे नळीतून आलेली जवळजवळ सगळी हवा डिस्कच्या तोंडात न शिरता पत्र्याच्या आतल्या काठावरून परत बाहेर पडत होती. उरलेली आतल्या पृष्ठावर पसरत होती, तीच नको असलेली गोष्ट.

माझ्या मते हीच खरी गोम आहे. पाइप, तोंड, व्यास यांवर सगळे बोलतात. शेवटच्या दहा सेंमीत काय होतं ते फार थोडे बघतात. बाहेरून सगळं ठीक दिसणारी जोडणी आत हवा सांडत असते. ब्लोअर आणि धागा एवढ्यावर हे घरबसल्या कळतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

१६ नोव्हेंबर

उपाय: पत्र्याच्या मधल्या भोकाला आतून कॉलर. दीड मिमीच्या पट्टीची गोल कडी केली, ती हबच्या नकलला लागून बसते आणि मागची वाट बंद करते. दुसरी, रुंद कडी डिस्कच्या बाजूला, पोकळीच्या तोंडाच्या काठापर्यंत पोचेल अशी, ३ मिमी अंतर ठेवून. म्हणजे नळीतून आलेल्या हवेसाठी एक बंद खोली तयार झाली आणि तिला बाहेर पडायला पात्यांमधूनच वाट उरली. एबीएस असलेल्या गाडीत चाकाच्या सेन्सरला आणि त्याच्या वायरला इथे वेगळी जागा सोडावी लागेल.

पुन्हा ब्लोअर. या वेळी हबशी धागा लोंबत राहिला, आणि डिस्कच्या कडेशी नेला तर सगळ्या बाजूंनी बाहेरच्या दिशेला ताठ. चाक हाताने फिरवल्यावर आणखी ताठ.

२२ नोव्हेंबर

पाइपचा मार्ग. स्प्रिंग काढून ठेवली, आर्मखाली जॅक लावला. चाक पूर्ण खाली, मधे आणि पूर्ण वर, अशा प्रत्येक उंचीला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. स्प्रिंग जागेवर असताना ही तपासणी होत नाही, कारण हाताने गाडी तेवढी दबतच नाही.

टायरच्या आतल्या भिंतीवर खडू घासून ठेवला होता. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे लाल सिलिकॉनवर पांढरा डाग, अंगठ्याएवढा. स्टेअरिंग पूर्ण वळलेलं आणि चाक पूर्ण वर, एवढ्या एकाच अवस्थेत लागत होतं. ट्रॅकवर पिटमधून बाहेर पडताना खड्डा लागला की हीच अवस्था येते. पाइप वरच्या आर्मच्या मागे नेऊन अँटी-रोल बारच्या वरून घेतला, डाग गेला.

प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पाइप बांधू नका. डिस्कजवळच्या वितळतात, बाकीच्या ठिसूळ होऊन तुटतात. स्टीलच्या पट्ट्या वापरल्या, पाइप कापू नये म्हणून खाली जुन्या पाइपचा तुकडा घातला. चाकाबरोबर हलणाऱ्या भागाला थोडा ढिला फेर ठेवला. ताणलेला पाइप क्लिपमधून निसटतो आणि नेमका टायरवर जातो. ब्रेकच्या रबरी नळीला हा पाइप कुठेही घासत नाही ना, हे वेगळं तपासलं.

२३ नोव्हेंबर

बंपरच्या आत तोंडं बसवली. फनेलसारखी, गोलसर ओठाची. वेगळं सांगण्यासारखं काही नाही. समोर जाळी लावली, नाहीतर पाइपात पानं आणि खडे जातात.

३० नोव्हेंबर

ट्रॅक. ब्रेकआधी इंजिनच्या पाण्याचं तापमान वाढलं. हवा रेडिएटरच्या शेजारून घेतली त्याचा हा परिणाम. मूळच्या काट्यावर विसंबायचं नाही म्हणून पाण्याच्या पाइपात वेगळा सेन्सर लावला होता, त्यावर नेहमीपेक्षा बरेच अंश जास्त दिसले. फेऱ्या कमी केल्या आणि परत आलो. दिवस वाया गेला.

६ डिसेंबर

रेडिएटरच्या भोवतीच्या फटी बघितल्या. तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरच्या वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी सटकत होती. मडगार्डच्या लायनरचे उरलेले तुकडे आणि उष्णता सोसणारा फोम लावून सगळ्या फटी बुजवल्या, खालचा फाटलेला पत्रा बदलला. ब्रेकला दिली त्यापेक्षा जास्त हवा इथे परत मिळाली. हे काम खरं तर ब्रेकला हात लावण्याआधीच करावं.

१४ डिसेंबर

पुन्हा ट्रॅक. डिस्कवर ताजे रंग, कॅलिपरवर नव्या पट्ट्या. पॅड, टायर, ऑइल तेच. पाणी जागेवर राहिलं.

हिरवा गेला. नारिंगी पूर्ण शाबूत. लाल अर्थातच शाबूत. म्हणजे डिस्कचं सर्वोच्च तापमान ४३० आणि ५६० च्या मध्ये आलं. कॅलिपरच्या पट्टीत १८८ अंशांपर्यंतचे चौकोन काळे, आधी २३२ पर्यंत होते. ऑइलच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. आजची हवा ऑक्टोबरपेक्षा थंड होती, पण तेवढ्याने डिस्कच्या आकड्यात असा फरक पडत नाही. हवा दहा-पंधरा अंशांनी उतरली तर डिस्कही साधारण तेवढीच उतरेल.

पॅड काढून व्हर्नियरने चारही टोकांना मोजले. आतला आणि बाहेरचा पॅड जवळजवळ सारखे झिजलेले. हवा पात्यांतून जातेय, पृष्ठावर मारली जात नाही, याचा माझ्यासाठी हा सगळ्यात भरवशाचा पुरावा.

२० डिसेंबर

रस्त्यावर चालवताना सकाळी पहिल्या दाबाला ब्रेक झोपलेला वाटतो. हे पॅड थोडे तापल्याशिवाय नीट धरत नाहीत आणि आता ते तापतच नाहीत. पावसात तर पहिल्या दाबाला डिस्कवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत क्षणभर काहीच होत नाही. रस्त्यावर हा क्षण धोक्याचा आहे.

पत्र्याची दोन झाकणं केली, चतुर्थांश वळणात बसणाऱ्या स्क्रूने तोंडांवर लागतात. नियम ठरवला: रस्त्यावर झाकणं बंद, ट्रॅकवर उघडी. थंड हवेत ट्रॅकवरही अर्धं तोंड चिकटपट्टीने झाकावं लागेल असं दिसतंय. ब्रेक जितका थंड तितका चांगला, असं नाही. पॅडची एक ठरलेली तापमानाची पट्टी असते आणि त्याला तिच्यात ठेवायचं असतं.

४ जानेवारी

नवे पॅड घातले आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. सगळे म्हणाले डिस्क वाकली. डोलणं मोजणारा डायल गेज लावून डिस्क फिरवली: ०.०३ मिमी. ही वाकलेली डिस्क नव्हे. उजेडात तिरकी धरून पाहिली तेव्हा पृष्ठावर पॅडच्या आकाराचे गडद ठसे दिसले, एका बाजूला दाट, दुसरीकडे पुसट. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसला नव्हता.

कारण हवेचंच. नवे पॅड बसवताना, म्हणजे १०० च्या वेगावरून २० पर्यंत लागोपाठ जोरात ब्रेक मारून त्यांचा थर डिस्कवर चढवताना, तोंडं उघडी होती. लागणारं तापमान मिळालंच नाही. डिस्क पॉलिश पेपरने घासून साफ केली, झाकणं बंद केली, पुन्हा तीच क्रिया. मधे गाडी पूर्ण थांबवायची नाही, थांबली की तापलेल्या पॅडचा ठसा एका जागी बसतो. शेवटी ब्रेकला पाय न लावता गाडी चालवत ठेवून सगळं निवू दिलं. थरथर गेली.

१८ जानेवारी

डिस्कची तपासणी. पृष्ठावर केसासारख्या बारीक भेगा आहेत, जुन्या. त्या वाढलेल्या नाहीत. नखाला लागणारी किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली भेग असती तर डिस्क तिथल्या तिथे बाद केली असती. जाडी १९.१ मिमी. किमान १८. घासून पातळ झालेल्या डिस्कमध्ये उष्णता साठवायला बीड कमी उरतं, ती तेवढ्याच दाबाला जास्त तापते; म्हणून ट्रॅकसाठी मी ती १८ पर्यंत नेणार नाही.

डाव्या बाजूची आतली कडी वेल्डिंगच्या एका टाक्याशी चिरली होती. कंपनाने. जाड पट्टीची नवी केली, टाके दुप्पट दिले. ट्रॅकवरून आल्यावर चाक काढून हे टाके, पाइपच्या क्लिपा आणि बॉल जॉइंटचं रबर बघायचं, हे यादीत टाकलंय. पत्रा सुटून डिस्कवर आला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पॅड आणि पिस्टनमध्ये टायटॅनियमचा पातळ पत्रा घालावा असं काहींनी सुचवलं. टायटॅनियम उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे ऑइल आणखी वाचेल हे खरं. पण १८८ अंशांवर मला त्याची गरज दिसत नाही, शिवाय अडवलेली उष्णता डिस्क आणि पॅडमध्येच राहते. आत्ता नाही.

मागच्या ब्रेकलाही हिरवा रंग लावून पाहिला होता. बदललेला नाही, म्हणजे ४३० च्या खाली. तिथे भरीव डिस्क आहे, पात्यांतून हवा नेण्याचा प्रश्नच येत नाही, आणि भारही कमी. मागे हात लावणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात, हवा तापलेली असताना, पुढच्या डिस्कवर नारिंगी पट्टा परत लावून बघायचा आहे.